पिंगला उत्तर येतं, पण लाइट लागत नाहीत: शोच्या उपकरणांचे आयपी पत्ते आणि सबनेट मास्क

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये लॉन्सवरची लग्नं आणि कालिदास कलामंदिरातले कार्यक्रम अशी लाइट-साउंडची कामं घेणाऱ्या ग्रुपकडे दोन आर्ट-नेट नोड (आर्ट-नेट म्हणजे नेटवर्कवरून लाइटचे आदेश पाठवण्याची पद्धत, नोड ते आदेश लाइटपर्यंत पोहोचवतो), वाय-फाय राउटर लावलेला एक डिजिटल मिक्सर, एलईडी वॉलचा प्रोसेसर आणि दोन पीटीझेड (दुरून फिरवता आणि झूम करता येणारे) कॅमेरे आहेत. नोडच्या छोट्या स्क्रीनवर ००२.०००.०००.०१० असा पत्ता दिसतो, लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे. सगळं एका स्विचवर जोडलं, पोर्टचे दिवे लुकलुकतात, पण सॉफ्टवेअरमध्ये नोड येत नाही. मास्क काय टाकायचा, गेटवे भरायचा का, आणि सगळी उपकरणं एकाच रेंजमध्ये आणली तर भानगड मिटेल का?

पोर्टचा दिवा लागला याचा अर्थ एवढाच की केबल ठीक आहे आणि दोन्ही टोकांचं वेगावर एकमत झालं आहे. साध्या स्विचला आयपी पत्ता कळतच नाही. तो फक्त यंत्रांचे मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राला कारखान्यात दिलेला ओळख क्रमांक) पाहतो आणि माहितीचे डबे, म्हणजे पॅकेट, इकडून तिकडे ढकलतो. निरोप कुठे धाडायचा हा निर्णय लॅपटॉपच्या आतच होतो, केबलवर एकही बिट पडण्याआधी, आणि तो निर्णय मास्कवरून होतो. हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की पुढचे बहुतेक घोटाळे आपोआप ओळखू येतात.

तुमच्या लॅपटॉपचा मास्क बहुधा २५५.२५५.२५५.० असेल. म्हणजे त्याला सांगून ठेवलंय की पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळले तर समोरचा आपल्याच गल्लीतला, थेट हाक मार. नाही जुळले तर तो परगावचा, गेटवेकडे, म्हणजे गल्लीबाहेर जायच्या दाराकडे दे. १९२.१६८.१ आणि २.०.० जुळत नाहीत. गेटवे भरलेला नसेल तर निरोप तिथेच संपतो. नोडला कुणी हाक मारलेलीच नाही, मग तो दिसणार कसा? नोड बिघडलेला नाही.

मास्क समजायला पिनकोड घ्या. पंचवटी ४२२००३, सातपूर ४२२००७, नाशिक रोड ४२२१०१, मालेगाव ४२३२०३. पहिले तीन आकडे जुळवायचे असं ठरवलं तर पंचवटी, सातपूर आणि नाशिक रोड एका गटात येतात, मालेगाव बाहेर राहतं. आता चार आकडे जुळवायचे ठरवा: पंचवटी आणि सातपूर ४२२० मध्ये एकत्र राहतात, नाशिक रोड ४२२१ म्हणून वेगळं पडतं. एकाही पोस्टाचा पिनकोड बदलला नाही. बदललं ते फक्त ‘कुठपर्यंत जुळवून पाहायचं’ हे. सबनेट मास्क म्हणजे नेमकी तीच सूचना, आणि ती प्रत्येक यंत्रात वेगळी भरलेली असते. दोन यंत्रांत वेगवेगळी भरली गेली तर एकाला दुसरा शेजारी आणि दुसऱ्याला पहिला परका वाटू शकतो. अशा वेळी संवाद एकाच बाजूने चालतो.

प्रत्यक्षात जुळवणी दशमान आकड्यांची नसते, बिटांची असते. पत्ता ३२ बिटांचा, आठ-आठ बिटांचे चार गट, म्हणून प्रत्येक गट ० ते २५५. मास्कमध्ये डावीकडून सलग १ असतात आणि मग सलग ०. जिथे १ तिथपर्यंत जुळवायचं. त्यामुळे मास्कच्या कोणत्याही गटात फक्त नऊच आकडे येऊ शकतात: ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४ आणि २५५. मास्कच्या जागी २५५.२५५.२५५.१० असं काही दिसलं तर ते टाइप करताना चुकलेलं आहे. तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे १ असलेल्या बिटांची संख्या: २५५.०.०.० म्हणजे /८, २५५.२५५.०.० म्हणजे /१६, २५५.२५५.२५५.० म्हणजे /२४. विंडोज काही ठिकाणी मास्कऐवजी ‘प्रीफिक्स लेंग्थ’ विचारतं, तिथे हाच ८ किंवा २४ टाकायचा.

/२४ मध्ये २५६ पत्ते. त्यातला पहिला त्या जाळ्याचं नाव म्हणून आणि शेवटचा ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, हाताशी उरतात २५४. /८ मध्ये उरतात १,६७,७७,२१४. लग्नाच्या सेटअपला दोन्ही पुरून उरतात, तेव्हा संख्येवरून मास्क निवडायचं कारणच नाही.

आर्ट-नेटला २ चे पत्ते का असतात

आर्टिस्टिक लायसन्स या कंपनीने आर्ट-नेट आणलं तेव्हा उपकरण पेटीतून काढताच चालावं म्हणून पत्ता २ ने सुरू व्हावा, मास्क २५५.०.०.० असावा आणि उरलेले तीन गट उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून ठरावेत अशी सोय ठेवली. दुसरा पर्याय १० ने सुरू होणारे पत्ते, मास्क तोच. नियमाने खासगी वापरासाठी ठेवलेल्या रेंज तीन: १०.०.०.० पासून /८, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५, आणि १९२.१६८.०.० पासून /१६. २ चे पत्ते यात बसत नाहीत. ते आज इंटरनेटवर प्रत्यक्ष वापरात आहेत. लाइटचं जाळं इंटरनेटला जोडलेलं नसेल तर त्याने काही बिघडत नाही. बहुतेक नोडमध्ये पत्ता हाताने बदलता येतो, तेव्हा २ लाच चिकटून राहण्याची सक्ती नाही. तरी भाड्याने आलेला, उसना आणलेला नोड बहुतेकदा २ वरच येतो. म्हणून लाइटसाठी २ आणि २५५.०.०.० हेच कायम ठेवावं, असं माझं मत आहे. रात्री अकराला दुसऱ्या ग्रुपकडून आणलेला नोड जोडायचा झाला तर मेन्यूत शिरावं लागत नाही.

आता मथळ्यातला दोष. लॅपटॉपला २.०.०.५ दिला, पण मास्क सवयीने २५५.२५५.२५५.० टाकला. नोड २.०.०.१०, मास्क २५५.०.०.०. पिंग केलं (‘आहेस का?’ असं विचारणारी कमांड दिली), उत्तर आलं: लॅपटॉपच्या हिशोबाने २.०.० जुळतं, नोडच्या हिशोबाने नुसता २ जुळला तरी पुरे. मग सॉफ्टवेअरमधून ब्रॉडकास्टने आर्ट-नेट सुरू केलं आणि एकही मूव्हिंग हेड हलत नाही. कारण ब्रॉडकास्ट पत्ता मास्कवरून निघतो. लॅपटॉपच्या मते ‘सगळ्यांना’ म्हणजे २.०.०.२५५. नोडच्या मते ‘सगळ्यांना’ म्हणजे २.२५५.२५५.२५५, २.०.०.२५५ हा त्याला कुणा तिसऱ्याच यंत्राचा पत्ता वाटतो आणि तो पॅकेट टाकून देतो. काही नोड याबाबतीत ढिले असतात, काहीही आलं तरी घेतात. त्यामुळे एक नोड चालतो आणि शेजारचा चालत नाही, आणि सगळा संशय त्या बिचाऱ्या नोडवर किंवा केबलवर जातो. पिंगला उत्तर येतं पण लाइट मरून पडलेत असं दिसलं की आधी दोन्हीकडचा मास्क शेजारी शेजारी ठेवून वाचा.

याच मेन्यूत आणखी एक फसवा शब्द आहे. नोडमध्ये ‘नेट’, ‘सबनेट’, ‘युनिव्हर्स’ (५१२ चॅनलचा एक संच) अशी तीन खाती दिसतात. त्यातला ‘सबनेट’ आयपीच्या सबनेटशी काडीचाही संबंध ठेवत नाही. तो आर्ट-नेटचा स्वतःचा हिशोब: १६ युनिव्हर्सचा एक सबनेट, १६ सबनेटचं एक नेट, अशी १२८ नेट, एकूण ३२,७६८ युनिव्हर्स. तिथे २५५ भरायला जाऊ नका. आणि आर्ट-नेटची मोजणी ० पासून, एसएसीएन या तशाच दुसऱ्या पद्धतीची १ पासून. कन्सोलवरचा युनिव्हर्स १ आणि नोडमधला ० हे एकच असू शकतात. ‘एक आउटपुट पुढे सरकलंय’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं.

लॅपटॉप कसा मांडायचा

एकाच नेटवर्क कार्डावर दोन पत्ते देता येतात, आणि तुमच्या कामाला हा सर्वांत सरळ मार्ग आहे. आधी लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. मग नेटवर्क कनेक्शन्समध्ये इथरनेटच्या प्रॉपर्टीज उघडा, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ निवडा, पत्ता आपोआप घेण्याची खूण काढून २.०.०.५ आणि २५५.०.०.० भरा. गेटवे कोरा. मग ॲडव्हान्स्ड, तिथे आयपी पत्त्यांच्या यादीखाली ॲड, आणि १९२.१६८.१.५ व २५५.२५५.२५५.०. आता हा लॅपटॉप दोन्ही गल्ल्यांत राहतो: नोडशी २ च्या पत्त्यावरून बोलतो, मिक्सर, प्रोसेसर आणि कॅमेऱ्यांशी १९२ च्या. लाइटचं सॉफ्टवेअर कोणत्या पत्त्यावरून आर्ट-नेट सोडायचं ते विचारतं, तिथे २.०.०.५ निवडलाय ना ते पाहा. कित्येकदा ते यादीतला पहिलाच पत्ता धरून बसतं, म्हणून २ चा पत्ता पहिला भरायचा.

वाय-फाय बंद करायला सांगितलं त्यामागे कारण आहे. लॉन्सच्या ऑफिसचा राउटरही १९२.१६८.१.१ असेल आणि तुमचा मिक्सरही १९२.१६८.१.३२ वर असेल, तर लॅपटॉपला एकाच नावाच्या दोन गल्ल्या दिसतात. तो एक निवडतो, आणि ती निवड तुमच्या सोयीची असेलच असं नाही. जिओफायबरचे राउटर १९२.१६८.२९.१ वर असतात, टीपी-लिंकचे बरेचसे १९२.१६८.०.१ वर. म्हणून स्वतःच्या संचासाठी ०, १ आणि २९ टाळून १९२.१६८.७७ असा कुणी सहसा न वापरणारा आकडा घ्यावा. आता नाही जमलं तर सीझन संपल्यावर एक दिवस काढून सगळी उपकरणं तिकडे हलवा. लॅपटॉपला मोबाइलचं इंटरनेट द्यावंच लागलं तर आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१०.१ वर असतो, मास्क २५५.२५५.२५५.२४०. १४ पत्त्यांचं छोटंसं सबनेट कसं दिसतं ते तिथे बघायला मिळतं, आणि ते तुमच्या कशालाच आड येत नाही.

गेटवे म्हणजे गल्लीबाहेर जायचं दार. बाहेर जायचंच नसेल तर कोरा ठेवा. नोड, मिक्सर, कॅमेरा या सगळ्यांना तो रिकामा चालतो. एखादं उपकरण रिकामं घेतच नसेल तर त्याच रेंजमधला न वापरलेला पत्ता टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.७७.१. लॅपटॉपवर मात्र दोन कार्डांना दोन गेटवे कधीच नकोत, मग इंटरनेट कोणत्या वाटेने जाईल याचा भरवसा राहत नाही.

पुढची खबरदारी तुमच्या नोडच्या स्क्रीनवरच लिहिलेली आहे. ००२.०००.०००.०१० दिसतं म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये तसंच पिंग केलं तर विंडोज २.०.०.८ ला हाक मारतं. सुरुवातीचं शून्य दिसलं की पुढचा आकडा अष्टमानातला धरण्याची जुनी रीत आहे, आणि अष्टमानात ०१० म्हणजे ८. पत्ता टाइप करताना पुढची शून्यं गाळायचीच.

पिंगचं उत्तर नीट वाचा

‘लागत नाही’ एवढ्यावर थांबू नका, कारण न लागण्याचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार वेगळी जागा दाखवतो. ‘जनरल फेल्युअर’ आलं तर लॅपटॉपला तिकडे जायची वाटच माहीत नाही: पत्ता किंवा मास्क चुकला, गेटवे नाही, किंवा केबलच निघालेली आहे. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं आणि उत्तर देणारा पत्ता तुमच्या स्वतःच्याच लॅपटॉपचा असेल, तर लॅपटॉपने समोरच्याला शेजारी मानलं, ‘हा पत्ता कुणाचा?’ म्हणून गल्लीत हाक दिली, आणि कुणी ओ दिली नाही. म्हणजे तुमचा मास्क बहुधा बरोबर आहे. उपकरण बंद आहे, पत्ता दुसराच आहे, किंवा मधली केबल गेली आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे निरोप गेला पण परत आला नाही: समोरची फायरवॉल, समोरचा चुकीचा मास्क, किंवा निरोप गेटवेकडे जाऊन हरवला.

पिंग झाल्यावर एआरपी -ए (arp -a) ही कमांड द्या. त्यात त्या पत्त्यासमोर मॅक पत्ता दिसतो. तो नोडच्या स्टिकरवरच्या मॅकशी जुळतोय का पाहा. जुळत नसेल तर तो पत्ता दुसऱ्याच कुणीतरी घेतलाय. सोपी खात्री: नोडची केबल काढा आणि पुन्हा पिंग करा. तरीही उत्तर आलं तर एकाच पत्त्याची दोन यंत्रं आहेत. एकाच मॉडेलचे दोन नोड सेटिंग न बदलता आणले की हे घडू शकतं. थेट पत्त्यावर पाठवलेला आर्ट-नेट त्या वेळी दोघांपैकी एकालाच मिळतो. दुसरा शेवटचा सीन धरून बसतो, आणि काही मिनिटांनी अदलाबदल होते.

पिंग चालतं, मॅक जुळतो, तरी सॉफ्टवेअरच्या यादीत नोड येत नाही, पण लाइट मात्र चालतात? मग विंडोजची फायरवॉल. आर्ट-नेट यूडीपी पोर्ट ६४५४ वर चालतं. लॅपटॉप ‘कोण कोण आहे?’ विचारतो तो निरोप बाहेर जातो, नोडचं उत्तर दारात अडतं. विंडोज अनोळखी जाळ्याला ‘पब्लिक’ समजून कडक वागतं, त्यामुळे घरी तपासलेलं सगळं लॉन्सवर अडकतं. सॉफ्टवेअरला प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्हीकडे परवानगी द्या. फायरवॉल पूर्ण बंद करणं टाळा. तोच लॅपटॉप उद्या कुणाच्या तरी वाय-फायला जोडला जाणार आहे. बाकी उपकरणांचे दरवाजेही लक्षात ठेवा: पीजेलिंकवर चालणारा प्रोजेक्टर टीसीपी ४३५२, एक्स-३२ मिक्सर यूडीपी १००२३, सोनीच्या पद्धतीने आयपीवरून व्हिस्का घेणारा कॅमेरा यूडीपी ५२३८१.

सगळं एका रेंजमध्ये आणलं तर?

पत्त्यांपुरता प्रश्न मिटेल. पण एक मोठा प्रश्न तसाच राहील, आणि तो पत्ते वेगळे ठेवूनही मिटत नाही. ब्रॉडकास्टचा डबा स्विच प्रत्येक पोर्टवर देतो, मग पलीकडच्या यंत्राची रेंज २ ची असो की १९२ ची. सबनेट वेगळं केल्याने यंत्र तो डबा उघडून फेकून देतं, पण डबा त्याच्या दारापर्यंत जातोच.

केबलवर हे जाणवत नाही. एका युनिव्हर्सचे ५१२ चॅनल, सेकंदाला ४४ वेळा: आर्ट-नेटचं पॅकेट ५३० बाइटचं, वरची वेष्टनं धरून साधारण ०.२ मेगाबिट प्रतिसेकंद. दोन नोड, प्रत्येकी चार आउटपुट, आठ युनिव्हर्स म्हणजे १.६ मेगाबिट. १०० मेगाबिटच्या स्विचला हे किरकोळ. पण त्याच स्विचला मिक्सरचा वाय-फाय राउटर जोडलेला आहे. वाय-फायवर ब्रॉडकास्ट सर्वांत दूरच्या आणि जुन्या यंत्रालाही ऐकू जावा म्हणून सर्वांत कमी वेगाने सोडला जातो, आणि २.४ गिगाहर्ट्झवर तो वेग कित्येकदा १ मेगाबिट असतो. पाच युनिव्हर्समध्ये हवा भरली. साउंडवाला टॅबलेट हातात घेऊन मंडपाच्या मागच्या रांगेत उभा, फेडर ओढतोय आणि आवाज चार सेकंदांनी बदलतोय. दोष मात्र राउटरला लागतो. नवा महाग राउटर आणून हे सुटत नाही.

उपाय तीन. लाइटचा स्विच वेगळा आणि साउंडचा वेगळा. आठ पोर्टचा साधा स्विच एमजी रोडवर सहज मिळतो, आणि लहान संचाला मी हाच सांगेन. लाइट चालवणाऱ्या लॅपटॉपला मिक्सरपर्यंत जायचंच असेल तर यूएसबीचं दुसरं नेटवर्क कार्ड लावा. मग एका कार्डावर दोन पत्ते ठेवण्याची गरज उरत नाही. दुसरा उपाय, सॉफ्टवेअरमध्ये ब्रॉडकास्टऐवजी युनिकास्ट निवडून दोन्ही नोडचे पत्ते भरा. मग डबा फक्त त्या त्या नोडकडेच जातो आणि मास्कच्या गफलतीतून निघणारा ब्रॉडकास्टचा दोषही उरत नाही. तिसरा, मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचचे पोर्ट वेगवेगळ्या जाळ्यांत वाटणं. तो उत्तम आहे, पण कोणता पोर्ट कुणाचा हे स्विचवर टेप लावून लिहिलेलं नसेल तर घाईत चुकीच्या पोर्टला केबल लागते आणि आपणच आपल्याला शोधत बसतो.

ब्रॉडकास्ट नको म्हणून एसएसीएनकडे वळलात तर ते मल्टिकास्ट (मागणाऱ्यांच्या गटाला पाठवणं) वापरतं: युनिव्हर्स १ साठी २३९.२५५.०.१, युनिव्हर्स २५७ साठी २३९.२५५.१.१, पोर्ट ५५६८. साध्या स्विचवर मल्टिकास्टही ब्रॉडकास्टसारखाच सगळीकडे पसरतो. मॅनेज्ड स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू केलं की तो मागणाऱ्यालाच मिळतो. पण स्नूपिंग चालू आणि क्वेरियर कुठेच नाही, ही जोडी घातक. सगळं व्यवस्थित सुरू होतं, आणि सुमारे ४ मिनिटं २० सेकंदांनी एकेक नोड थंड पडतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये सदस्यत्वाची मुदत २६० सेकंदांची असते. ‘अजून हवंय का?’ असं विचारणारा क्वेरियर नसला की मुदत संपताच स्विच पुरवठा तोडतो. जाळ्यातल्या एका स्विचवर क्वेरियर चालू करा. आणि तपासणी दोन मिनिटांची करू नका, दहा मिनिटांची करा.

खरंखुरं सबनेटिंग कधी लागतं

तुमच्या संचाला नाही लागत. लाइटसाठी /८, साउंड आणि व्हिडिओसाठी /२४, एवढ्यावर आयुष्य निघेल. वीस उपकरणांसाठी /२८ चे तुकडे पाडत बसणं म्हणजे फुकट चुका ओढवून घेणं. पण मोठ्या ठिकाणी, किंवा सिंहस्थासारख्या वेळी तपोवनात चार ठेकेदारांची यंत्रणा एकाच मुख्य जाळ्याला जोडायची असेल, तर तिथला आयटीवाला म्हणतो की तुम्हाला १७२.१६.४०.०/२४ दिलंय, त्यात बसवा. आणि तुम्हाला लाइट, साउंड, व्हिडिओ, सीसीटीव्ही वेगळे हवेत.

चार भाग म्हणजे दोन बिट उसने घ्यायचे: /२४ चं /२६, मास्क २५५.२५५.२५५.१९२. तुकड्याचा आकार २५६ मधून १९२ वजा, म्हणजे ६४. लाइटला ० ते ६३, त्यात वापरायचे १ ते ६२. साउंडला ६४ ते १२७, वापरायचे ६५ ते १२६. व्हिडिओला १२८ ते १९१, वापरायचे १२९ ते १९०. सीसीटीव्हीला १९२ ते २५५, वापरायचे १९३ ते २५४. प्रत्येक तुकड्यातला पहिला वापरायचा पत्ता गेटवेला द्यायचा: १, ६५, १२९, १९३. इथे गेटवे भरावाच लागतो, कारण एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला राउटर लागतो.

१७२.१६.४०.६० आणि १७२.१६.४०.७० डोळ्यांना शेजारी वाटतात. बिटांत पाहा: ६० म्हणजे ००११११००, ७० म्हणजे ०१०००११०. मास्क १९२ म्हणजे ११००००००, फक्त पहिले दोन बिट जुळवायचे. एकाचे ००, दुसऱ्याचे ०१. दोन वेगळ्या गल्ल्या. एखाद्या नोडमध्ये मास्क चुकून २५५.२५५.२५५.० राहिला तर त्याला ७० शेजारी वाटेल, तो थेट हाक मारत राहील आणि उत्तर येणार नाही. ६० च्या आसपासच्या सगळ्यांशी मात्र त्याचं पिंग व्यवस्थित चालेल. शिवाय या तुकड्यातला ब्रॉडकास्ट ६३ वर जातो आणि तो नोड २५५ ची वाट पाहत बसतो. मथळ्यातला दोष, आकडे वेगळे. राउटर ओलांडून आर्ट-नेटचा ब्रॉडकास्ट जात नाही हेही लक्षात असू द्या. पलीकडच्या स्टेजचा नोड चालवायचा तर युनिकास्टच.

डान्टे (नेटवर्कवरून आवाज नेण्याची पद्धत) असलेलं साउंडचं सामान आलं तर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसतील. लॅपटॉपवर असा पत्ता दिसणं म्हणजे डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) मिळालं नाही आणि यंत्राने स्वतःच काहीतरी घेतलं. डान्टेत मात्र ते ठरवून असतं: प्रायमरीला १६९.२५४, सेकंडरीला १७२.३१, मास्क २५५.२५५.०.०. ते ‘दुरुस्त’ करू नका. प्रायमरी आणि सेकंडरीच्या केबल एकाच स्विचवर लावू नका, आणि स्विचमधली वीज वाचवणारी ग्रीन इथरनेट सोय बंद ठेवा, नाहीतर आवाज तुटतो.

लॉन्सवर कन्सोल ते स्टेज अंतर कित्येकदा १०० मीटरच्या वर जातं. तांब्याच्या केबलची मर्यादा तिथेच संपते, आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या स्वस्त केबलची त्याआधीच. पिंगची काही उत्तरं येतात, काही गळतात. पिंग -टी देऊन पाच मिनिटं चालू ठेवा. एकही उत्तर गळता कामा नये. स्टेज आणि कन्सोल दोन वेगळ्या जनरेटरवर असतील तर मधला टप्पा फायबरचाच घ्या, म्हणजे दोन अर्थिंगमधला फरक तुमच्या नोडच्या पोर्टमधून वाहणार नाही.

पत्ता कुणालाच आठवत नसलेला नोड हाती आला तर थेट लॅपटॉपला जोडा, वायरशार्क (केबलवरचे डबे दाखवणारा प्रोग्राम) सुरू करा, गाळणीत एआरपी टाका आणि मग नोडला वीज द्या. बहुतेक उपकरणं चालू होताना स्वतःचा पत्ता एकदा पुकारतात आणि तो पडद्यावर दिसतो. नाहीच दिसला तर मॅन्युअलप्रमाणे फॅक्टरी रीसेट.

मग पांढऱ्या टेपवर पत्ता, मास्क, सुरुवातीचा युनिव्हर्स आणि मोड, आर्ट-नेट की एसएसीएन, एवढं लिहून ती टेप नोडच्या पुढच्या बाजूला लावा. मागे लावली तर ट्रसवर चढल्यावर वाचता येत नाही. लाइटमध्ये १ ते ९ लॅपटॉप आणि कन्सोलसाठी, १० पासून पुढे नोड. १९२ च्या जाळ्यात १ राउटर, ३२ मिक्सर, ४० पासून व्हिडिओ, ६० पासून कॅमेरे, आणि राउटर वाटतो ते डीएचसीपीचे पत्ते २०० च्या पुढे, म्हणजे पाहुण्याचा फोन तुमच्या कॅमेऱ्याच्या पत्त्यावर बसणार नाही. राखीव नोडला ९० द्या, चालू नोडचा पत्ता नको. बदलायची वेळ आली की तो ९० वरच जोडा, मेन्यूतून युनिव्हर्स जुळवा, आणि सॉफ्टवेअरमधल्या युनिकास्टच्या यादीत १० च्या जागी ९० करा.